खिलार खोंड घ्यायचाय, पण कपाळावरचा केसांचा भोवरा डोळ्यांच्या वर आहे. काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. नोकरी हडपसरला, शेती खेड तालुक्यात, गोठा काकांच्या हवाली. गेल्या शनिवारी चाकणच्या बाजारात एक खिलार खोंड पाहिला. आदत आहे, अजून दुधाचेच दात. पांढराशुभ्र, पाय सरळ, शिंगं एकसारखी. मला एका नजरेत पसंत. काकांनी मात्र त्याच्या कपाळावरचे केस बोटाने चाचपले आणि मागे सरले. "भोवरा पार वर आहे. हा जन्मभर वारं प्यायल्यासारखा वागणार." भाव ठरवायला रुमालाखाली बोटं जायच्या आधीच सौदा मोडला.

भोवऱ्यावरून मालकाचं भलंबुरं ठरवणं मी मानत नाही, म्हणून आधी चिडलो. घरी येऊन वाचत बसलो तर अमेरिकेत जनावरांच्या वागणुकीच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन आणि सहकाऱ्यांनी 1995 साली नेमकं हेच छापलंय: डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली जनावरं खोड्यात अडकवल्यावर जास्त धडपडतात. गर्भात कातडी आणि मेंदू एकाच थरातून घडतात, म्हणून असा संबंध असावा म्हणे. (काकांना हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.)

पण आमच्या जुन्या सर्ज्याचा भोवरा जवळजवळ शिंगांच्या मुळाशी होता, आणि माझी मुलगी त्याच्या पुढच्या पायांशी बसून भाकरी खायची. त्यात खिलार मुळातच तापट, चपळ.

या खोंडाचं मी एवढंच पाहिलं: शेजारून मोटारसायकल फटफटत गेली तेव्हा रवंथ थांबला, कान वळले, पण डोळ्याचं पांढरं फारसं दिसलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा रवंथ सुरू. गळ्याखालच्या लोंबत्या पोळीला खाजवलं तर मान लांब केली. कपाळाकडे हात नेला की मात्र फुरफुरायचा. अजून वेसण नाही.

खिलारात भोवरा आणि स्वभाव कुणी स्वतः ताडून पाहिलाय का? बाजारच्या गोंगाटातली पारख धरावी, की मालकाच्या गोठ्यावर जाऊन पुन्हा पाहावं? तिथे नक्की काय करून बघू? घरात लहान मुलं आहेत, नंतर औताला जुंपायचाय, शर्यतीला नाही. व्यापारी येत्या शनिवारपर्यंत थांबतो म्हणालाय.