मदत हवी आहे: जोशुआ ट्रीला आई-बाबांना घेऊन तंबूत राहणं जमेल का?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात लॉस एंजेलिसहून गाडीने जोशुआ ट्री या कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात चाललोय. जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंडवर दोन रात्रींचं बुकिंग झालंय. आम्ही दोघं, मुलगी आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा.

तिथे पाण्याचा नळ नाही. माणशी दिवसाला चार लिटर धरलं तरी पाच जणांचं तीन दिवसांचं साठ लिटर होतं! एवढं घरूनच न्यायचं, की आय-१० महामार्गावरून दक्षिणेकडून उद्यानात शिरून तिथल्या कॉटनवूडच्या नळावर भरून घ्यायचं? उत्तरेच्या यक्का व्हॅली गावाकडून आलो तर किराणा, पेट्रोल वाटेत मिळेल, पण मग कॉटनवूड राहतं.

खरी काळजी थंडीची आहे. जागा साधारण ४,४०० फुटांवर, रात्री पारा शून्याजवळ जातो. "वाळवंटात स्वेटर कशाला?" असं आई विचारतेय, तिला कोण समजावणार! बाबांचे गुडघे दुखतात, जमिनीवरून उठताना त्रास होतो. घडीची खाट तंबूत घेतली तर खालून गारठा जास्त लागतो का? कुणी ज्येष्ठांना असं नेलंय का? की त्या दोघांसाठी उद्यानाबाहेरच्या ट्वेंटीनाइन पाम्स गावात खोली घेऊ?

आत फोनला रेंज जवळपास नसते, म्हणून उत्तरं निघण्याआधीच हवीत.