भीमेतला परदेशी मांगूर उपसून काढावा का?

भीमाकाठ
गेल्या मे महिन्यात आमच्या बंधाऱ्याखालच्या डोहात गळाला दोन हात लांब मांगूर मासा लागला. पोट फाडलं तर आत दोन खवल्या मासे, एक बेडूक आणि कोंबडीची आतडी. वाम, मरळ, खडस (आपला महसीर) या देशी माशांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या त्या याच डोहातल्या.

हा आपला गावठी मांगूर नव्हे, आफ्रिकेतला. केंद्राने 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली. तरी कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर तो चोरून वाढवतात, आणि पुरात तळं फुटलं की नदीत येतो. हवेतून श्वास घेतो, त्यामुळे मैलापाण्यात बाकीचे मासे उलटे पडले तरी हा जगतो.

माझं म्हणणं असं: एप्रिल-मेमध्ये पाणी डोहापुरतं उरतं, तेव्हा भोई मंडळींना किलोमागे पैसे देऊन हा काढून घ्यावा. पहिल्या पुराला तो विणीसाठी उथळ पाण्यात चढतो, त्याच्या आत.

उजनीचा_नाखवा
भाऊ, तळमळ पटते, उपाय पटत नाही. किलोला पैसे लावलेत तर चोरून पाळणारेच टेम्पो भरून आणतील.

आणि परका कोण हे ठरवणार कसं? कटला-रोहू गंगेकडचे. चिलापी (तिलापिया) आफ्रिकेचा, 1952 मध्ये देशात आला. आज भीमेवरच्या उजनी धरणाकाठच्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटते. इकडे वडाप (बारीक आसाचं जाळं) लावून बोटाएवढी पिल्लं ओढतात, वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं. मांगूर माजला तो त्या पाण्यामुळे. पाणी तसंच ठेवून मासा काढलात तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच.

ओढ्याकाठची
दादा, सांडपाण्याचं शंभर टक्के खरं. पण नदी स्वच्छ व्हायची वाट बघेपर्यंत खवल्या राहतील का?

परका-देशी ही रेघ देशाच्या सीमेवर नाही, नदीच्या खोऱ्यावर ओढायची. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी खडस वाढवला. चांगल्या हेतूने त्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. आपल्या नदीचा मानाचा मासा, पण कावेरीत तो परकाच. तिथला स्वतःचा कुबडाचा महसीर, खडसाचाच भाऊबंद, 2018 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. या हिशेबाने कटलाही भीमेला परका, हे मी मान्य करते. तरी सुरुवात दुसऱ्याला गिळणाऱ्यापासून करायला काय हरकत?

ग्रँड_जंक्शनहून
मी अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या काठी राहतो. हा प्रयोग याच नदीत खाली झालाय, म्हणून लिहितो.

ग्रँड कॅन्यनमध्ये लिटल कोलोरॅडो मुख्य नदीला मिळते. तिथं 2003 ते 2006 या काळात विजेने मासे गुंगवून 23 हजारांवर परके मासे काढले, बहुतेक रेनबो ट्राउट. हम्पबॅक चब नावाचा देशी मासा वाढला. पण त्याच वर्षांत दुष्काळाने वरचं धरण उतरलं आणि खाली येणारं पाणी कोमट झालं, जे चबला मानवतं. शिवाय जिथं कुणी हात लावला नव्हता तिथलेही ट्राउट घटले. त्यामुळे श्रेय उपशाचं की पाण्याचं, हे शास्त्रज्ञांनाही ठामपणे सांगता आलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. झुनी या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांना तो संगम पवित्र. तिथं एवढे जीव मारण्याला त्यांनी कडाडून विरोध केला. पुढे काढलेले मासे लोकांना खायला देण्याची पद्धत आली. आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे मासे आहेत; अशा डोहाशेजारी मोहीम काढायची तर आधी गावाशी बोलावंच लागेल.

यश स्पष्ट दिसलं ते ब्राइट एंजल या छोट्या ओढ्यात. तोंडाशी आडकाठी घातली, वर्षानुवर्षं ट्राउट काढले, देशी मासे वाढले. उलट मुख्य नदीत 2022 मध्ये धरणाची पातळी इतकी खाली गेली की जलाशयातले स्मॉलमाउथ बास हे परके शिकारी मासे टर्बाइनमधून खाली उतरले आणि तिथं त्यांची वीण झाली. वरून येणं थांबलं नाही तर खाली उपसणं संपत नाही.

उजनीचा_नाखवा
म्हणजे माझंच म्हणणं. आधी तळी बंद करा.

भीमाकाठ
तळ्यांचं मानतो. किलोचा भावही सोडला, रोजंदारी द्या. पण "आधी" हा शब्द मला मान्य नाही, दोन्ही बरोबर होऊ दे. उजनीचा पसारा हातात येणार नाही हेही कळलं. आमच्या बंधाऱ्याला वरून एक ओढा मिळतो, उन्हाळ्यात त्यात तीनच डोह उरतात आणि त्याच्या वर एकही तळं नाही. तिथून सुरू करू. जाळं नको, त्यात वाम-शिंगटाही मरतात. मांसाचं आमिष लावून गळच टाकायचा.

उजनीचा_नाखवा
तीन डोहांपुरतं असेल तर मी येतो, गळ माझे. पण आधी त्या डोहांत आत्ता काय काय आहे ते मोजून लिहून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी आपणही त्या चबसारखंच श्रेय कशाचं यावरून भांडत बसू.

ओढ्याकाठची
मोजणीला मी येते. मे उजाडायच्या आत करू.