शब्दचर्चा: गिटारची तार ‘बझ’ होते, म्हणजे नेमकं काय होतं?

खर्जातला
ठाण्यात गिटार शिकवतो. इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्या मुलांसाठी एक पानाचं मराठी टिपण करतोय: तारेचा आवाज बिघडला तर आधी काय बघायचं, घरी काय करायचं आणि कारागिराकडे कधी न्यायचं. फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी), पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक आणि वेटोळं), ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक ठरवणारी सळई) हे शब्द तसेच ठेवणार, कारण दुकानात तेच बोलतात. अडलंय ते तक्रारीच्या शब्दाशी. सगळी पोरं एकच वाक्य घेऊन येतात, ‘सर, बझ होतंय.’ बघावं तर एकाची तार फ्रेटला टेकलेली, दुसऱ्याचा जॅक (वायर खुपसायची जागा) ढिला, तिसऱ्याचा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, आसपासची वीज पकडणारा पिकअप आणि शेजारी ट्यूबलाइटची चोक. ‘बझ’ला एकच नेमका मराठी शब्द हवाय. ‘जवारी’ चालेल का?

षड्जपंचम
जवारी नको. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा तो झणकार, ही तक्रार नव्हे, ती मुद्दाम करून घ्यावी लागते. मिरजेत आजही घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पुलाचा, माथा कानशीने किंचित उतरता घासून जवारी काढतात, मग तारेखाली सुताचा जीव सरकवत सरकवत आवाज खुला होईपर्यंत ऐकत बसतात. तार त्या उतारावर अलगद घासत राहते आणि एका छेडण्यातून स्वरांचं सगळं कुटुंब ऐकू येतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या याच घोडीवर लिहिलं होतं: तार ज्या बिंदूवर छेडली तर एखादा उपस्वर निघायलाच नको, तिथे छेडली तरी तो इथे ऐकू येतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि तुम्ही तोच शब्द बिघाडाला लावणार?

वारंवार
एक फाटा. गिटारवाल्यांनाही हा आवाज मुद्दाम हवा होता. १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल कंपनीची ‘इलेक्ट्रिक सितार’ आली. होती गिटारच, फक्त घोडी रुंद आणि सपाट, तार घासावी म्हणून. आणि तोच आवाज आपोआप आला की आपण कारागिराला पैसे देतो.

सोल्डरवाला
मी गिटारी दुरुस्त करतो. खर्जातलासाहेब, एक शब्द शोधू नका, तिथेच घोळ आहे. इंग्रजीत ‘बझ’मध्ये सगळं कोंबलंय म्हणून पोरं ट्रस रॉड फिरवून बसतात आणि बिघाड निघतो जॅकमध्ये. मराठीत आवाजाला शब्दांचा तोटा नाही, ते वाटून द्या.

पहिला प्रश्न: अ‍ॅम्प बंद करून, वायर काढून वाजवलं तर येतो का? येत नसेल तर तारेचा संबंधच नाही, ती वीज आहे. मध्ये मध्ये येतो, नॉब फिरवला किंवा वायर हलवली की वाढतो, रेडिओ लावताना यायचा तसा, ती खरखर. पॉटमध्ये (नॉबखालच्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जॅकची पट्टी आत दाबा. न वाजवताही एकसारखा येतो तो घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तोच खर्ज ऐकू येतो. तारांवर हात ठेवला की घूं कमी होत असेल तर अर्थिंग शाबूत आहे. हात ठेवल्यावर वाढला तर ब्रिजला (गिटारच्या घोडीला) जाणारी अर्थची तार तुटलेली असते. आणि तारेला हात लावून झिणझिण्या आल्या तर टिपणात ठळक लिहा: ताबडतोब बंद. प्लगची तिसरी पिन आणि घरातलं अर्थिंग तपासल्याशिवाय गिटार हातात घ्यायची नाही.

वायर काढूनही येतो, पण कुठलीही तार छेडली तरी तोच किडका आवाज? ते काहीतरी खुळखुळतंय. ट्यूनिंग कीची चकती, सॅडलचा (ब्रिजवरच्या तारेच्या टेकूचा) बारीक स्क्रू, ट्रेमोलोच्या (ब्रिज हलवून स्वर डोलवायच्या दांडीच्या) मागच्या स्प्रिंगा. एकाने तार छेडायची, दुसऱ्याने एकेका भागावर बोट दाबत जायचं. आवाज मेला तिथे पाना लावायचा.

उरला तो खरा ‘फ्रेट बझ’. त्याला आमच्याकडे तार घासते एवढंच म्हणतात, आणि कुठे घासते हे विचारतात. पहिल्या चार-पाच फ्रेटवर घासत असेल तर मान फार सरळ झालीय. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्यावर तारेखालची फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. फटच नसेल तर ट्रस रॉड पाव वेढा ढिला करायचा, पुन्हा सुरात लावायचं, पुन्हा बघायचं. पोरं नेमकी उलट आवळतात. बाराव्याच्या पुढे घासत असेल तर ट्रस रॉडला हातही लावू नका, सॅडल उचला. सतराव्या फ्रेटवर साधारण दीड मिलिमीटर उंची ठीक. एकाच ठिकाणी घासत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. हे कारागिराचं काम.

आता जवारी. षड्जपंचम म्हणतात ते बरोबर, पण एका बिघाडाला तो शब्द अगदी चपखल बसतो. फक्त मोकळी तार सतारीसारखी वाजते, पहिला फ्रेट दाबला की साफ. नटच्या खाचेचा तळ डोक्याकडे, म्हणजे किल्ल्यांकडे, उतरता हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच सुटते. खाच सपाट झाली की तार तळावर घासत बसते. हे तंबोऱ्याच्या घोडीवर होतं तेच. याला मी ‘नटला जवारी आलीय’ म्हणतो. गिऱ्हाईक सतारवाल्या घरातलं असेल तर हसतं, पण कळतं लगेच. खाच नुसतीच खोल गेली असेल तर सुपरग्लू आणि खायचा सोडा घालून भरतात, पण ती तात्पुरती मलमपट्टी, खरा इलाज नवा नट.

षड्जपंचम
मोकळ्या तारेपुरती जवारी मान्य. उगाच भांडत नाही.

अनुस्वार
‘घासते’ चांगला शब्द. कुणीतरी ‘तार फ्रेटला लागते’ सुचवेल म्हणून आधीच सांगते, तो टाळा. आपल्याकडे तार लागली, तंबोरा लागला म्हणजे सुरात आला. ‘सर, तार लागते’ म्हटल्यावर शिक्षक शाबासकी देतील. तसंच ‘वरची तार’. मुलं डोळ्यांनी बघतात म्हणून जाड तारेला वरची म्हणतात, गाणारे बारीक तारेला. टिपणात सरळ जाड-बारीक लिहा.

खर्जातला
हे मोलाचं निघालं. अजून तीन तक्रारी आहेत. तार नवीनच, पण आवाज निर्जीव. दुसरी, मोकळी तार सुरात आणि बाराव्या फ्रेटवर बेसूर. तिसरी, दाबलेली तार बोटाने बाजूला ओढली की स्वर मध्येच मरतो.

अनुस्वार
पहिल्याला ‘बद्द’. तडा गेलेलं मडकं वाजतं तसं.

सोल्डरवाला
बद्द नको, मी ‘बोदा’ म्हणेन. बद्द म्हटलं की काहीतरी फुटलंय असं वाटतं, इथे फुटलेलं काही नसतं. जुनी तार गंजून, मळून बोदी होते, कोकणात पावसाळ्यात तर फार लवकर. पण नवीन तारा बोद्या आणि त्याही फक्त जाड तारा? मग दुकानदाराने अकूस्टिकचा सेट दिलाय. त्या जाड तारांचं वेष्टण ब्राँझचं, चुंबकाला दाद देत नाही. बारीक तारा नुसत्या पोलादाच्या, त्या खणखणीत वाजतात. पाकिटावर निकेल लिहिलेला सेट घ्या.

दुसरीला नवा शब्द कशाला, तार चढते किंवा उतरते. बाराव्यावर दाबल्यावर चढत असेल तर सॅडल मागे, उतरत असेल तर पुढे. हे तारा नव्या असतानाच करायचं.

तिसरीला गुदमरते म्हणा. फ्रेटबोर्डाची गोलाई जास्त असली, जुन्या धाटणीच्या फेंडर कंपनीच्या गिटारची असते तशी सव्वासात इंच त्रिज्येची, की ओढलेली तार मधल्या उंच फ्रेटला टेकते. थोडी उंची वाढवून सुटतं.

वारंवार
आणि स्ट्रॅटवर (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) जाड तारेचा बाराव्याच्या पुढे एकाच वेळी दोन स्वर वाजल्यासारखा आवाज येतो, ट्यूनरचा काटा स्थिरच राहत नाही, त्याला?

सोल्डरवाला
पिकअपचं चुंबक तारेला खेचतं. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि चुंबकात दोन ते तीन मिलिमीटर अंतर येईपर्यंत पिकअप खाली घ्या. शब्द माझ्याकडे नाही. गिऱ्हाईकं ‘भूत लागलंय’ म्हणतात.

षड्जपंचम
‘हेलकावते’. जोडीच्या दोन तारा जरा विसंवादी असल्या की आम्ही हेच म्हणतो.

खर्जातला
हेलकावते घेतला. भूत कंसात.