घुमणारा आवाज आणि चिऱ्याच्या भिंती
रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या 'ओके कंप्युटर' या अल्बममधलं आवाजाचं घुमणं सगळं नंतर यंत्रावर चढवलेलं, असं कुणी म्हणतं; ते त्यातल्या 'एक्झिट म्युझिक' या गाण्यापुरतं तरी पटत नाही. रेडिओहेडने १९९६ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या बाथजवळचा सेंट कॅथरिन्स कोर्ट हा जुना वाडा भाड्याने घेतला होता. बँडचा गायक थॉम यॉर्कने ते गाणं तिथल्या दगडी जिन्यात गायलंय. 'लेट डाउन' हे दुसरं गाणं तर पहाटे ३ वाजता, नाचाच्या दिवाणखान्यात वाजवलं. जागाच वाद्यासारखी वापरली म्हणा ना.

हे वाचून आमच्याही डोक्यात किडा वळवळला. गोव्यात डिचोलीला मित्राच्या आजोळी माडी रिकामी होती. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, आतून गुळगुळीत गिलावा, त्यामुळे गिटार मस्त घुमायची. मुहूर्त तेवढा चुकला: जून! छपराच्या नळ्यांवर (कौलांवर) पाऊस सुरू झाला की माइकला गिटार सोडून बाकी सगळं ऐकू यायचं. भिजल्या हवेत तारा दर अर्ध्या तासाने उतरायच्या, ते वेगळंच. शेवटी चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर उघडीप मिळाली तेव्हा सगळं पहिल्यापासून मांडलं. तरी एका गाण्याच्या शेवटी बेडूक ऐकू येतात. ते आम्ही ठेवलेत.