शिकवावंसं वाटतंय: शिकवलेल्यांचे, सोडलेल्यांचे अनुभव हवेत

मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी. परीक्षा जवळ आली की मुलं शंका घेऊन माझ्याकडे येतात आणि जाताना 'तू मास्तरच हो' म्हणतात. घरी मात्र 'दुसरं काही नाही जमलं तर ते आहेच' असा सूर. सल्ले भरपूर मिळालेत, ते नकोत. प्रत्यक्ष शिकवताना काय होतं ते सांगा. सोडून गेलेल्यांनीही जरूर लिहावं.

गणित शिक्षिका, माध्यमिक

शंका घेऊन आलेल्या मित्राला आपलं कुठे अडलंय ते ठाऊक असतं. अर्धं काम त्यानेच केलेलं असतं. वर्गात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपलं अडलंय हेच माहीत नसतं.

सातवीला विचारून बघ, ०.३५ मोठे की ०.५? भराभर हात वर होतात, ०.३५ साठी. का, तर पस्तीस पाचापेक्षा मोठे. नियम सांगून टाकला तर तेवढ्या तासापुरतं जमतं, चाचणीत पुन्हा पस्तीसच मोठे. मी ०.५ च्या जागी ०.५० लिहून दाखवलं, तर एक मुलगी म्हणाली, "पण बाई, शून्य जोडलं की संख्या दहापट होते ना?" आता काय बोलणार! पूर्ण संख्यांसाठी तिचं अगदी बरोबर आहे. आधी पाठ केलेला नियमच आडवा आला होता. मग फळ्यावर दहा बाय दहाची चौकट आखली. पाच उभे पट्टे एका रंगाने आणि पस्तीस घरं दुसऱ्या रंगाने तिलाच रंगवायला लावली. रंगवता रंगवता ती म्हणाली, "म्हणजे हे पाच पट्टे आहेत, आणि ही सुटी घरं आहेत." दशांश-शतांश हे शब्द मी त्यानंतर काढले.

चुकीचं उत्तर ऐकल्यावर 'हिला असं का वाटलं असेल?' हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला हे काम मानवतं. नुसतं बरोबर उत्तर सांगायची हौस असलेला माणूस तिसऱ्या तासाला वैतागतो. असे बरेच पाहिलेत, हुशार होते सगळे.

पहिलीची शिक्षिका

वरचं सगळं खरं, पण माझ्याकडे त्याआधी नाक पुसणं, हरवलेला खोडरबर शोधणं आणि 'त्याने मला ढकललं'चा निवाडा करणं असतं. ते उरकलं की अक्षरं. मला आवडतं. तुला आवडेलच असं नाही.

भौतिकशास्त्र शिकवतो, उच्च माध्यमिक

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं की उत्तरं लांबतात, कारणांसकट येतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. वाचायला सोपं आहे. वर्गासमोर तोंड मिटून तीन सेकंद उभं राहून बघ, जीव नुसता कासावीस होतो.

मी 'उन्हाळा का होतो?' विचारून थांबतो. पहिलं उत्तर ठरलेलं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. 'चूक' म्हणत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटींवर. एवढं फळ्यावर लिहितो आणि पुन्हा गप्प. मग आपसांत जी जुंपते! आस कललेला आहे, हे शेवटी त्यांच्यातलाच कुणीतरी बोलतो. अर्थात सगळेच तास असे होत नाहीत. अभ्यासक्रम मागे पडला की मीही भरधाव सुटतो.

शिकवणं सोडलेला

मुलांना कंटाळून सोडलं नाही, आधीच सांगतो. एका वहीला तीनच मिनिटं धर, १२० वह्यांना सहा तास लागतात. शिवाय पाठटाचण, निकालपत्रकं, आज पाठवलेली माहिती उद्या दुसऱ्या तक्त्यात भरून मागणारे वरिष्ठ. तास संपला की काम संपलं हे बाहेरून दिसणारं चित्र आहे. गणिताच्या बाईंनी लिहिलेली मजा मीही अनुभवली आहे, पण ती आठवड्यातून एखाद्या वेळी हाती लागायची आणि तिच्या पायात संध्याकाळ रोजच जायची. आता दुसरीकडे नोकरी करतो. वर्गाची आठवण येते, वह्यांची अजिबात नाही.

धागाकर्ता

वह्यांचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. वर्ग ऐकेनासा झाला तर काय करता? आणि 'दुसरं काही नाही जमलं तर' याला काय उत्तर देऊ?

गणित शिक्षिका

आवाज चढवायचा नाही. तो रोज थोडा थोडा चढतच जातो आणि घसा बसतो. शिक्षकांमध्ये आवाजाच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळतात त्या उगाच नाही. मी बोलणं थांबवून फळ्यावर एक उदाहरण लिहिते आणि पहिल्या बाकापाशी जाऊन हळू आवाजात त्याबद्दल बोलू लागते. मागच्यांना ऐकू येईना की तेच एकमेकांना गप्प करतात. एखाद्या वर्गाला हेही लागू पडत नाही. तिथे कोण कोणाशेजारी बसतं ते बदलावं लागतं.

शिक्षक-प्रशिक्षक

घरच्यांसाठी एक आकडा घे. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण सर्वांपर्यंत न्यायचं तर २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे. यात नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या जागाही धरलेल्या आहेत. पण गरज आहे म्हणून पगारी पदं निघतातच असं नाही. आकडा सांगताना हेही सांग.

आणि परवानगी काढून एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बस. शिक्षकाकडे बघू नकोस, मुलांकडे बघ. कोण कधी वहीत चित्रं काढायला लागतं, कोण न कळताही मान डोलावतं. हे टिपता टिपता तास कसा गेला ते कळलं नाही, तर पुढचा विचार कर.

धागाकर्ता

विचारून ठेवलंय. एक-दोन तास बसू देतील बहुतेक. माझाच विषय बघू ना?

शिक्षक-प्रशिक्षक

नको. आपला विषय असला की आपण मनात शिक्षकाच्या चुका काढत बसतो. तुला जे धड येत नाही त्याच तासाला बस.