सायबर सिक्युरिटीतली नोकरी : केळीचे पैसे कोर्सला घालायच्या आधी जरा ऐका

रावेरकर :
राम राम मंडळी. पुण्यात एका सायबर सिक्युरिटी कंपनीत तीन वर्षं झाली, एसओसीत आहे, म्हणजे क्लायंटच्या सिस्टीमवर चोवीस तास नजर ठेवणारी टीम. काकाचा पोरगा बीसीए झालाय आणि काका म्हणतो केळीचे पैसे आले की त्याला सव्वा लाखाचा कोर्स लावून देतो, हॅकर पकडायचं काम आहे म्हणे. म्हणून लिहितोय. रात्री अडीचला माझ्या समोर साठ-सत्तर अलर्टची रांग असते. कोणी पासवर्ड पाच वेळा चुकवला, कोणाचं लॉगिन पुण्यातून आणि वीस मिनिटांनी सिंगापूरहून दिसलं, बघायला गेलं तर त्याने व्हीपीएन, म्हणजे आपलं ठिकाण दुसरीकडचं दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलेला. प्रत्येक अलर्ट पंधरा मिनिटांत उचलायचा, तपासायचा, दोन ओळी लिहून बंद करायचा. बहुतेक सगळे फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे उगाच वाजलेली घंटा. पण एखादा खरा असतो आणि तोच माझ्या हातून सुटला तर, या धास्तीने सकाळी रूमवर येऊनही डोळा लागत नाही. माझं मत एकच, घरचा पैसा घालून पोरांना यात ढकलू नका.

भुसावळची_लेक :
भाऊ, नाही पटलं. मी पण एसओसीतच सुरुवात केली, आता इन्सिडंट रिस्पॉन्सला आहे, म्हणजे हल्ला झाल्यावर तो आवरणारी टीम. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजेची भानगड निघाली, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या एका लायब्ररीत, तयार कोडच्या तुकड्यात, मोठं भोक सापडलं, तेव्हा आम्ही क्लायंटच्या एकेका सर्व्हरवर ती लायब्ररी कुठे कुठे बसलीय ते शोधत होतो, कारण ती दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात लपलेली असायची, आणि नुसती एक ओळ लॉगमध्ये गेली की बाहेरचा माणूस आत. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या कामाला अर्थ आहे. कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला आठवा, ऑगस्ट 2018, शनिवारी एटीएममधून 28 देशांत पैसे काढले गेले, सोमवारी बँकेच्या खात्यातून आणखी पैसे बाहेर वळवले, मिळून 94 कोटी. सुट्टीच्या दिवशी कोणीतरी जागं असायलाच पाहिजे ना? आणि नाइटचं म्हणाल तर माझे वडील रेल्वेत लोको पायलट होते, रात्री दोनला कॉल बॉय दार वाजवायचा, डबा आईने भरून ठेवलेला असायचा.

रावेरकर :
ताई, वडिलांबद्दल आदर आहेच. पण गाडीवरून उतरल्यावर त्यांना ठरलेली विश्रांती मिळायची, रनिंग रूम, म्हणजे झोपायला रेल्वेची खोली, असायची. मी सकाळी सातला सुटतो आणि बाराला क्लायंटची मीटिंग लागते, नाही आलो तर अप्रेजलला निघतं. भांडण रात्रीशी नाहीच, रात्रीनंतरच्या दिवसाशी आहे.

अमळनेरचा_मास्तर :
दोघांचं वाचलं. पण पोरांपुढे दुसरं काय आहे ते पण बघा. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, दालमिलमध्ये सुद्धा रात्रपाळीच आहे, आणि तिथे पाच वर्षांनी पण तेच मशीन. निदान याच्यात वर चढायला जिना तरी दिसतो.

भुसावळची_लेक :
सर, अगदी बरोबर, पण जिना आपोआप चढवत नाही कोणी. मी आठ महिने एल वनला, म्हणजे अलर्ट बघायच्या पहिल्या पायरीवर, होते. अलर्ट बंद करायच्या आधी तो नियम का लागला ते वहीत लिहायचे, नेटवर्किंग आणि लिनक्स घरी बसून शिकले, फुकटात. सव्वा लाखाच्या कोर्सबाबत मात्र मी रावेरकर भाऊंच्या बाजूने, त्यात टूलची बटणं दाखवतात आणि सर्टिफिकेट देतात, मुलाखतीत टीसीपीचा हँडशेक, म्हणजे दोन कॉम्प्युटर बोलणं कसं सुरू करतात हा नेटवर्किंगचा पहिला धडा, विचारला की पोरगं गप्प. पण फील्ड वाईट म्हणू नका. 2022 पासून हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ले बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवायचा नियम आहे, म्हणजे जागी माणसं लागणारच, मग ती आपली का नको?

रावेरकर :
लागणार हे मान्य ताई. पण मग लागणारी माणसं टिकतील अशी पाळी लावा ना, माझ्या टीममधले चार जण वर्षात सोडून गेले आणि त्यांचे अलर्ट आमच्याच रांगेत आले. यावर मी मागे हटणार नाही. कोर्सचं मात्र काकाला आजच फोन करून सांगतो. पोरगा शनिवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसने येतोय, चार दिवस माझ्या रूमवर राहील, मी सकाळी कसा येतो ते त्याला बघू दे. ताई, तुमची ती वही असेल तर फोटो पाठवा, त्याला वाचायला देतो.