पोटरीतील वेदना आणि गुडघ्यामागे दबलेली धमनी : शस्त्रक्रियेविषयी सल्ला हवा

धावपटूचे वडील
माझा 24 वर्षांचा मुलगा लांब पल्ल्याचे धावतो. थोडे अंतर गेल्यावर त्याची उजवी पोटरी आवळून येते, पाऊल बधिर पडते आणि चार मिनिटे थांबले की सारे पूर्ववत होते. मणक्याच्या तपासणीत काही आढळले नाही. आता गुडघ्यामागची पॉप्लिटिअल धमनी स्नायूमुळे दबते असे निदान झाले असून शस्त्रक्रिया सुचवली आहे. एवढ्या तरुण वयात स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घालून भागणार नाही का?

रक्तवाहिनी शल्यचिकित्सक
नाही, कारण दोष धमनीच्या आत नसून बाहेर आहे. पोटरीच्या मोठ्या स्नायूचे आतील मूळ (तो हाडाला जिथून सुरू होतो ते टोक) गर्भावस्थेतच धमनीच्या आड येते; मग चवडा खाली दाबला की ती चेपते आणि पावलावर बोट ठेवले तर नाडी लागेनाशी होते. हा दाब कायम ठेवून घातलेला स्टेंट चेपण्याची किंवा मोडण्याची भीती असते. शस्त्रक्रियेत स्नायूचे ते मूळ किंवा तंतुमय पट्टा कापून धमनी मोकळी करतात. धमनीची भिंत शाबूत असेल तर तेवढे पुरते. मात्र वर्षानुवर्षे दबून ती आक्रसली, तिच्यात गुठळी धरली किंवा पुढच्या भागात फुगवटा आला, तर खराब भागाच्या जागी रुग्णाच्याच पायातील सॅफेनस शीर जोडावी लागते. त्यामुळे वय लहान आहे म्हणून थांबावे, हा विचार येथे उलटा पडतो. नेदरलँड्समधील लायडन येथे शल्यचिकित्सक हॅमिंग यांनी या विकारावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तो रुग्ण अवघ्या 12 वर्षांचा मुलगा होता. 1959 साली तिची नोंद प्रसिद्ध झाली.

क्रीडा भौतिकोपचार तज्ज्ञ
वरील मताशी मी सहमत आहे. तरी एक खातरजमा अवश्य करावी. पाऊल जोराने ताणल्यावर धमनी दबणे हे कोणताही त्रास नसलेल्या अनेक निरोगी व्यक्तींमध्येही दिसते, म्हणून केवळ डॉपलरच्या (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणाऱ्या तपासणीच्या) आधारे निर्णय घेऊ नये. स्नायूची रचना खरोखर वेगळी आहे का, हे एमआर (चुंबकीय प्रतिमा) तपासणीत स्पष्ट व्हायला हवे. शिवाय व्यायामाने पोटरीच्या स्नायूकप्प्यांतील दाब वाढूनही हुबेहूब अशीच वेदना होते, आणि तसे असल्यास शस्त्रक्रिया निराळी असते.

धावपटूचे वडील
एमआर अहवालात स्नायूचे मूळ बाजूला सरकल्याचा स्पष्ट उल्लेख आहे; धमनीत गुठळी किंवा फुगवटा नाही. डाव्या पायाला मात्र काहीच त्रास नाही.

रक्तवाहिनी शल्यचिकित्सक
तरीही डावा पाय तपासून घ्या, कारण हा दोष पुष्कळदा दोन्ही पायांत असतो. उजव्या पायाची शस्त्रक्रिया होईपर्यंत त्याला धावू देऊ नका.